पऱ्हाटीच्या पानावरची खोडलेली ओळ

समीनाचा बाप फकीर मोहम्मद पिंजारी. जळगाव जामोदला त्याचं गाद्या भरायचं दुकान आणि दुकानाच्या माडीवर समीनाचा टायपिंग-कॉम्प्युटरचा क्लास. बापाचा जन्म दुसऱ्यांच्या कापसाची धूळ गिळण्यात आणि ती खोकून काढण्यात गेला. पोरीनं मात्र कापसाला बोट न लावता कापसात नाव काढलं, हे तो येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा. गिऱ्हाईक बिचारं उशीचं माप द्यायला आलेलं असायचं. पण ऐकल्याशिवाय सुटका नसे.

समीना तेव्हा चौतीस वर्षांची. लग्न होऊन अकोल्याला गेली आणि दीड वर्षात परत आली. का आली ते तिनं सांगितलं नाही, मग लोकांनी आपापल्या सोयीचं कारण ठरवून घेतलं. क्लासात नऊ कॉम्प्युटर, त्यांतले सहा चालू. सकाळी टायपिंगवाले यायचे आणि दुपारी शेतकरी, कसला ना कसला ऑनलाइन अर्ज भरायला. सर्व्हर बसलेला असायचा म्हणून तेही बसायचे, आणि बसले की बियाण्याची गोष्ट निघायची. बीटी कपाशी आल्यापासून दर मृगाला कृषी केंद्रात नवी थैली, थैलीवर नवं चित्र. मागल्या साली कोणत्या थैलीनं कोणाला बुडवलं हे पुढच्या पेरणीपर्यंत शेतकऱ्याच्या लक्षात राहायचं नाही, आणि दुकानदाराला ते लक्षात ठेवायचं काही कारण नव्हतं.

हे सगळं कुठंतरी लिहून ठेवलं पाहिजे, असं समीनाला वाटलं. आणि ते तिनं नव्हे, ज्यांच्या वावरात उगवलं त्यांनी लिहावं. पुण्यात एका प्रशिक्षणाला गेली होती तेव्हा तिनं विकी पाहिली होती. विकी म्हणजे अशी वही, की जी वाचता वाचता वाचणाऱ्यालाच तिच्यात लिहिता येतं आणि दुसऱ्याचं चुकलेलं सुधारता येतं. पुण्याच्या मास्तरांनी ती दहा मिनिटांत गुंडाळली होती. समीनानं ती घरी आणली.

विकी चालवायची सॉफ्टवेअरं पायलीची पन्नास. फुकट असतात, म्हणून निवडायची कशी हेच कोणी सांगत नाही. सोळा सालच्या उन्हाळ्यात समीनानं त्यांतली तीन घेतली आणि तीन कॉम्प्युटरवर एकेक बसवलं. डोकुविकी हलकं, त्याला डेटाबेस लागत नाही, सगळी पानं साध्या मजकुराच्या फायलींत. कोण कुठं लिहील, कोण नुसतं वाचील, याची कुलपं त्यात चांगली. टिकी म्हणजे बारदाना: विकी आहे, वर चर्चा आहे, दिनदर्शिका आहे, मतदान आहे, एक बटण शोधायला गेलं की दुसरी चार सापडतात. आणि मीडियाविकी जड, डेटाबेस मागणारं, कुलपांच्या बाबतीत आळशी. पण कोणी काय लिहिलं, कोणी काय खोडलं, कधी खोडलं, याचा हिशोब ठेवण्यात पक्कं. महिनाभर ती तिन्हींवर तेच तेच पान लिहायची, मोडायची, परत लिहायची. फळ्यावर तिनं रकाने पाडले होते: वेग, मराठी अक्षरं, कुलूप, जुन्या प्रती. बाप वर यायचा, फळा बघायचा आणि म्हणायचा, "बेटा, तीनों में से कौनसा अच्छा है, ये आदमी से पूछ. मशीन से क्या पूछती?"

म्हणून तिनं माणसांना विचारलं. एका रविवारी दुपारी उत्तमराव आणि दयाराम या दोघांना तिनं तिन्ही कॉम्प्युटरवर लिहायला लावलं. उत्तमराव मोठा जमीनवाला, साठीचा. गावात कोणाचंही भांडण असो, हा मध्ये असायचाच. दयाराम सातपुड्याच्या पायथ्याचा, चार एकरवाला, संशयी. दोघांना एकाच पानावर लिहायला सांगितलं तेव्हा डोकुविकीनं दयारामला थांबवलं. उत्तमराव लिहीत होते तोवर पान बंद. उत्तमराव एका बोटानं लिहिणारे. दयारामचा चहा झाला, विडा झाला, दुसरा चहा झाला.

"हे कुलूप कोनाजवळ राहीन?" दयारामनं विचारलं.

"माझ्याजवळ," समीना म्हणाली.

"अन् जुन्या प्रती?"

"त्याही राहतात. फायली असतात."

"फाईल तं काढून फेकता येते, मॅडम. आमच्या सोसायटीतून किती गेल्या तुमाले काय सांगू."

टिकीपुढं दोघंही पाच मिनिटांत कंटाळले. मीडियाविकीवर दोघं एकाच वेळी लिहायला बसले. दयारामनं आधी साठवलं, मग उत्तमरावांनी. तेव्हा उत्तमरावांच्या पडद्यावर दोघांचा मजकूर वरखाली आला आणि यंत्र म्हणालं, आता तुम्हीच जुळवा. मग समीनानं त्यांना 'इतिहास' दाखवला. डावीकडं जुनं, उजवीकडं नवं, खोडलेलं रंगात, वर नाव आणि वेळ. पान खोडलं तरी ते मागं राहतं. अख्खं पानच काढून टाकायचं झालं तर ते फक्त चालवणाऱ्याला जमतं, आणि अमक्यानं पान काढलं ही नोंद मग त्याच्या नावावर राहते.

दयाराम एवढा खूश झालेला कोणी पाहिला नव्हता. "म्हंजे सेक्रेटरीबी खोडीन तं दिसीन? मंग हेच पाहिजेन!"

उत्तमरावांनी एक अट घातली. लिहिणाऱ्यानं आपलं पूर्ण नाव, गाव आणि गट नंबर दिलाच पाहिजे. समीना म्हणाली, काका, इंटरनेटवर टोपणनाव चालतं, उलट बरं असतं. उत्तमराव भडकले. "बिनानावाची चिठ्ठी म्हंजे चुगली, बाई. मर्दानं बोलाव तं नाव सांगून बोलाव." साऱ्या जगात माणूस इंटरनेटवर नाव लपवतो, आमच्या लोकांनी सातबारा जोडला. आणि त्याचा त्यांना अभिमान वाटला, हे विशेष.

संकेतस्थळाचं नाव ठेवलं 'पऱ्हाटी', म्हणजे आमच्याकडची कपाशी. प्रत्येक वाणाचं एक पान, प्रत्येक पानाखाली माणसं आणि त्यांचे गट नंबर. पहिल्या हंगामात वीस जणांनी लिहिलं, दुसऱ्यात साठ. त्या साठांत एक रुखमाबाई होती.

रुखमाबाई पन्नाशीची, चौथी शिकलेली. वावर तिच्याच नावावर, तिच्या बापाकडून आलेलं, चार एकर. आली होती आधारचा कागद जोडायला आणि सर्व्हर उठेपर्यंत एका बोटानं टायपिंग शिकून गेली. मग दर बाजाराला यायची, चप्पल पायऱ्यांशी काढून, पदरानं की-बोर्ड पुसून. लिहायची ती अशी: 'पाच आगस्ट. पाते लागले. पाऊस नाही पन पाने हिरवी. शेजारच्याची पिवळी कारन त्याने खत उशिरा टाकले, त्याला राग येईल तर येवो.' समीनाला ते वाचताना हसू यायचं आणि नंतर थोडी लाजही वाटायची, कारण तिनं स्वतः कधी इतकं सरळ काही लिहिलं नव्हतं. साऱ्या संकेतस्थळात रुखमाबाईचं पान सर्वांत जास्त वाचलं जायचं.

सतरा सालच्या जुलैत तिनं त्या पानावर एक ओळ लिहिली. तीन एकरांत दुकानाची थैली, पावती आहे. एक एकरात चोर बीटी लावली. चोर बीटी म्हणजे सरकारची परवानगी नसलेलं बियाणं, बिनालेबलाच्या पुडीतून येणारं, ज्याच्यावर तणनाशक मारलं तर तण मरतं आणि कपाशी उभी राहते. लावणं कायद्यानं गुन्हा. अर्ध्या तालुक्यानं लावली होती. अर्ध्या तालुक्यानं तोंडही मिटलं होतं. रुखमाबाईनं मात्र गट नंबरासकट लिहिलं. का, तर 'निंदायला बाया भेटत नाही, माही कंबर गेली, म्हनून लावली. तन मेले हे खरे. बाकी काय होते ते लिहीन.'

आणि तिनं लिहिलं. ऑक्टोबरात दोन्हीकडं बोंडं फोडून पाहिली आणि दोन्हीकडं गुलाबी अळी सापडली, चोराच्या एकरात आणि पावतीच्या तीन एकरांतही. तारखेसकट लिहिलं. तोवर दुकानदार 'दवाई मारा, जाईन' म्हणत होते. तिचं वाचून लोकांनी आपापली बोंडं फोडली. डिसेंबरापर्यंत कपाशीची बोंडं नुसत्या कवट्या झाली होती, आणि लोक उभ्या पिकात जनावरं सोडत होते.

मग भरपाईचे अर्ज निघाले. बियाण्याची पावती जोडा, नुकसान दाखवा. उत्तमरावांनी त्रेचाळीस जणांचे अर्ज एकत्र बांधले आणि पुरावा म्हणून 'पऱ्हाटी'वरच्या पानांचे पत्ते दिले. बियाणं विकणाऱ्या कंपनीचं म्हणणं होतं की शेतकऱ्यांनी वेळेवर काळजी घेतली नाही. इथं तर तारीखवार लिहिलेलं होतं कोणी कधी काय फवारलं. समीनाच्या माडीवर तेव्हा तालुक्याचे पत्रकार येऊन गेले. फकीर मोहम्मदनं खाली आठ दिवस एकही गादी भरली नाही, नुसतं सांगत राहिला. रुखमाबाईचा अर्ज तिच्या तीन एकरांपुरताच होता. चौथा एकर तिनं मागितलाच नव्हता, मागायचा विचारही तिच्या मनाला शिवला नव्हता.

त्याच आठवड्यात शेजारच्या तालुक्यात चोर बीटीवरून दोघांवर गुन्हे दाखल झाले. रुखमाबाई भर दुपारी माडी चढून आली. घाम पुसला नाही, पाणी मागितलं नाही.

"मॅडम, माहं ते चोराचं पुसून टाका ना. घरचे लोक भेऊन राह्यले."

खरं सांगायचं तर समीनाला त्या क्षणी सगळं दिसत होतं, आणि म्हणूनच तिची कीव करायची माझी तयारी नाही. तिच्यापुढं तीन वाटा होत्या. अख्खं पान काढून टाकायचं. मग ते लोकांच्या नजरेआड होईल, पण 'पान काढले, समीना फकीर मोहम्मद' ही नोंद कायमची राहील, आणि दयाराम ती पहिल्याच दिवशी शोधून काढील. किंवा सांगायचं, मावशी, नुसती ओळ खोडू नका, खोडलेलं इतिहासात राहतं, उलट खोडलं हेच दिसतं. राहू द्या, तुम्ही एकर वेगळा लिहिलाय हेच बरं आहे. हे सांगायला पाच मिनिटं लागली असती. पण मग रुखमाबाई हात जोडून म्हणाली असती, की पानच काढा. आणि समीनाला नाही म्हणावं लागलं असतं, त्या डोळ्यांत बघून.

तिसरी वाट सर्वांत सोपी होती. समीनानं की-बोर्ड तिच्याकडं सरकवला. "तुमच्याच हातानं खोडा, मावशी. तुमचं पान आहे."

रुखमाबाईनं एका बोटानं, अक्षर अक्षर करून, ती ओळ खोडली. साठवा. पान स्वच्छ झालं. ती पडद्याकडं वाकून बघत राहिली.

"गेलं ना मॅडम?"

"पानावरून गेलं," समीना म्हणाली.

"बरं झालं माय. जीव थाऱ्यावर आला." तिनं पदराच्या गाठीतून चार बोरं काढून टेबलावर ठेवली आणि उतरून गेली. समीनानं ती बोरं खाल्लीही.

फेब्रुवारीत तालुक्याच्या कचेरीत सुनावणी झाली. त्रेचाळीस अर्जदार, कृषी खात्याचे साहेब, कंपनीचा वकील. संकेतस्थळ चालवणारी म्हणून समीनाला बोलावलेलं. वकील तरुण होता, शांत, नाकावरची माशी न उडवणारा. त्यानं सगळ्यांची पानं वाचली होती आणि बाकी बेचाळीस जणांना फारसं काही विचारलं नाही. रुखमाबाईचं नाव आलं तेव्हा त्यानं एक रंगीत कागद साहेबांपुढं ठेवला. डावीकडं ती ओळ, रंगात. उजवीकडं रिकामं. वर तिचं पूर्ण नाव, गाव, गट नंबर, आणि खोडल्याची तारीख नि वेळ, दुपारी दोन वाजून अठरा मिनिटं. अर्ज दाखल झाल्यानंतरचा चौथा दिवस.

"साहेब, यांनी बेकायदा बियाणं लावलं, हा एक भाग. अर्ज केल्यावर तो पुरावा नष्ट केला, हा दुसरा. आता पावती असली तरी उरलेल्या तीन एकरांत तेच लावलं होतं, हे यांच्या तोंडावर विश्वास ठेवून मानायचं का?"

रुखमाबाईला कागद वाचता येत होता. तिनं तो वाचला, परत वाचला. "हे तं म्या पुसलं होतं," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. काही जण हसले.

साहेब माणूस वाईट नव्हता. चष्मा काढून म्हणाला, "बाई, हे राहू दिलं असतं तर मी एक एकर वगळून बाकी तीन मंजूर केले असते. तुम्हीच स्वच्छ लिहिलं होतं. खोडलं कशाला?"

"भेव लागलं साहेब. मले वाटलं पुसलं म्हंजे गेलं."

वकील समीनाकडं वळला. "मॅडम, हे सॉफ्टवेअर तुम्हीच निवडलं. खोडलेलं राहतं म्हणूनच निवडलं, असं तुमच्या पहिल्या पानावर लिहिलंय. या बाईंना तुम्ही ते सांगितलं होतं का? कारण माहीत असून सांगितलं नसेल, तर लपवायला तुम्ही मदत केली असं होतं. मग तुमच्या संकेतस्थळावरच्या बाकी नोंदी तरी कशा धरायच्या?"

सुक्याबरोबर ओलं जळायची वेळ आली होती. मागच्या बाकावरून उत्तमराव पुढं झुकले आणि समीनाच्या कानाशी कुजबुजले, "सांग ना बाई, सांगतलं होतं म्हून. बेचाळीस घरं हायेत." दयाराम खाली बघत होता, नाव सांगून बोलणाऱ्या मर्दांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही, आणि त्यांतल्या निम्म्यांच्या वावरात त्याच पुडीतलं बियाणं होतं. बेचाळीस घरं होती हे खरं. पण समीनाच्या मनात त्या घडीला बेचाळीस घरं नव्हती. तिच्या मनात होतं, आपण अकोल्याहून परत आलो तेव्हा लोक कसे बघत होते, आणि आता कसे बघतात.

"सांगितलं होतं," ती म्हणाली.

रुखमाबाईनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ती काहीतरी आठवायचा प्रयत्न करत होती, कपाळाला आठ्या घालून, जसं की-बोर्डवर अक्षर शोधायची. मग तिनं मान हलवली.

"सांगतलं असंन साहेब. मॅडम खोटं कायले बोलतीन? माह्याच ध्यानात नसंन राह्यलं. मी अडानी."

वकिलानं लिहून घेतलं. म्हणजे तिला माहीत होतं, आणि माहीत असून तिनं खोडलं, असं झालं. बेचाळीस अर्ज मंजूर झाले. रुखमाबाईचा फेटाळला, आणि बियाण्यावरून तिच्यावर गुन्हा दाखल झाला, सगळ्या तालुक्यात त्या साली तिच्या एकटीवर. कचेरीच्या आवारात उत्तमरावांना हार पडला. त्यांनी त्यातला अर्धा समीनाच्या हातात दिला आणि तिनं तो घेतला.

समीना त्यानंतर महिनाभर दररोज ठरवायची, आज जाऊन सांगू. बापाला तिनं सांगितलं, एका दुपारी, दुकानात. फकीर मोहम्मद म्हणाला, "अब बोलेगी तो बयालीस लोग झूठे पड़ेंगे. और नहीं बोलेगी तो एक. तूने हिसाब कर लिया है, मेरे से क्या पूछती?" आणि सुई-दोरा घेऊन गादीला टाके घालायला बसला. त्या दिवसापासून त्यानं गिऱ्हाइकांना पोरीबद्दल काही सांगणं बंद केलं.

'पऱ्हाटी' वाढली. आता तीन तालुक्यांतले लोक लिहितात, आणि कोणती विकी घ्यावी हे विचारायला बाहेरगावचे फोन येतात. समीना त्यांना तिन्हींतला फरक नीट समजावून सांगते.

रुखमाबाईच्या कोर्टातल्या तारखा चालूच आहेत. तारीख नसेल त्या बाजाराला ती येते, आणि एकटी येत नाही. गावातल्या एकदोघी नव्या बायांना लिहायला शिकवायला घेऊन येते, त्यांना पायऱ्यांशी चपला काढायला लावते. बाई की-बोर्डपुढं बसली की रुखमाबाई तिच्या खांद्यावर हात ठेवून आधी तेवढंच सांगते, "पाह्य, इथं लेहलेलं पुसलं जात नाही. मॅडमनं मले सांगतलं होतं, चांगलं बसवून सांगतलं होतं. मी येडी, ऐकलं नाही, अन् भोगून राह्यली. तू ध्यान देऊन ऐक. हो ना, मॅडम?"

समीना म्हणते, "हो, मावशी." दर वेळी म्हणते.